करमुक्त देशातले घरपट्टीवाले काका

अख्ख्या अमिरातीत घरपट्टीवर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्या भिंतीपलीकडच्या खोलीत राहत होता. बाकीची माणसं त्या देशात यायची ती पगारातून कर कापला जात नाही म्हणून. काका तिथे आले आणि पहिल्याच महिन्यात उदास झाले, कारण त्यांच्याकडे कुणी कर मागेना. "मी राहतो की इथं," ते बाबांना म्हणायचे. "रस्ता वापरतो, दिवा वापरतो, गटार वापरतो. आणि दारात येऊन पट्टी मागायला कुणी नाही. म्हणजे मी कुणाच्या खिजगणतीतच नाही की." बाबा अबुधाबीबाहेरच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या भागात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये फोरमन होते आणि आम्ही वर्कशॉपच्याच वर दोन खोल्यांत राहायचो. बाबा म्हणायचे, "दादा, हळू बोला. ऐकून सुरू करतील."

काका आमच्या नात्याचे नव्हते. ते सोलापूरचे, अबुधाबीतल्या एका कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन. शहरातलं भाडं परवडत नाही म्हणून आमच्या शेजारी राहायला आले होते. सोलापुरात एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागे त्यांची वस्ती होती, तिथल्या एका बोळात काकू आणि त्यांची मुलगी राहत. वस्तीची पालिकेत नोंद नव्हती म्हणून पट्टी नव्हती, आणि पट्टी नव्हती म्हणून गटार मागायला तोंड नव्हतं. काकांची आई आजारी पडली तेव्हा रिक्षा बोळाच्या तोंडाशीच चिखलात अडली आणि माणसांनी तिला खाटेवरून बाहेर नेलं. ही गोष्ट काकांनी आम्हाला एकदाच सांगितली. पण तिच्यामुळे त्यांनी जी शपथ घेतली होती, ती मात्र रोज सांगायचे: "रिक्षा माझ्या दारापर्यंत आली की त्या दिवशी मी व्हिसा कॅन्सल करणार."

गटारांविषयी त्यांना जे वाटायचं त्याला मी भक्ती म्हणेन, दुसरा शब्द मला सापडलेला नाही. एकदा सुट्टीच्या दिवशी बाबा आम्हाला सगळ्यांना समुद्राकाठी कॉर्निशवर घेऊन गेले. लोक समुद्र बघत होते, कारंजी बघत होते. काका समुद्राकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि पाणी जायच्या जाळीत डोकावू लागले. एक पोलीस आला. त्याने विचारलं, "क्या गुम हुआ?" काका म्हणाले, "कुछ नहीं साहब, ढलान देख रहा हूँ. बहुत बढ़िया है." पोलिसाने आधी काकांकडे पाहिलं, मग तोही गुडघ्यावर हात ठेवून वाकला आणि जाळीत बघू लागला. आई लांबच्या बाकावर तोंड फिरवून बसली होती, जणू ही माणसं आमच्याबरोबर आलेलीच नाहीत.

या भक्तीला शास्त्राची जोड मिळाली ती त्यांच्या ऑफिसातल्या एका अमेरिकन साहेबामुळे. तो नगररचनेचा माणूस होता. त्याच्या देशात गरीब वस्त्या सुधारण्यासाठी टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग नावाची एक पद्धत आहे, असं त्याने कधीतरी चहा पिता पिता सांगितलं असावं. साहेबाचा चहा संपला. काकांचा तो चहा कधी संपलाच नाही. त्याच संध्याकाळी ते बाबांना समजावत होते, "हे बघ. तुझा आजचा पगार घरच्यांचा, त्याला हात लावायचा नाही. पुढं जे इन्क्रिमेंट मिळेल तेवढं फक्त तुझ्या खोलीवर खर्च करायचं. आणि ते मिळणारच आहे म्हणून खोली आजच कर्ज काढून दुरुस्त करायची. खोली चांगली झाली की तू नीट झोपणार, झोपलास की काम चांगलं करणार, काम केलंस की इन्क्रिमेंट आलंच. बोळाचंही तसंच. आधी कर्जातून रस्ता आणि गटार करायचं. जागेला किंमत आली की पट्टी वाढणार. ती वाढ दुसरीकडं जाऊ द्यायची नाही, तिच्यातूनच कर्ज फेडायचं."

बाबा म्हणाले, "आणि इन्क्रिमेंट आलंच नाही तर?"

काकांनी थोडा विचार केला. "तिथं इन्शाल्ला म्हणायचं."

माझा धाकटा भाऊ इंग्रजी शाळेत जायचा. तो पुस्तकातून मान वर करून म्हणाला, "बट अंकल, यू डोन्ट हॅव एनी टॅक्स." काका म्हणाले, "तेच तर दुखणं आहे, बाळा."

मग हे तत्त्व सगळीकडे लागू झालं. काकांच्या खोलीत आणखी तिघे राहायचे आणि त्यांची मेस एकत्र होती. काकांनी त्यांना पटवलं की मोठा फ्रिज घेऊ, मासळी एकदम आणू, त्यातून जी बचत होईल तिच्यातूनच फ्रिज फिटेल. फ्रिज आला, मासळीही स्वस्त पडली. पण ती बचत कुणी वेगळी ठेवलीच नव्हती. एकाने गावी पाठवली, एकाने जावयाला घड्याळ घेतलं. काका हप्ता एकटेच भरत राहिले आणि म्हणत राहिले की पद्धत बरोबर आहे, वाढ झाली होती, नुसती धरून ठेवायची राहिली. आईने खिडकीला नवे पडदे लावले तेव्हा त्यांनी दारातूनच हात जोडले. "वहिनी, या पडद्यांनी खोलीची किंमत वाढली." बाबा घाईघाईने म्हणाले, "मालकाला सांगू नका. भाडं वाढवेल, आणि पडदे घेऊन आम्हालाच बाहेर जावं लागेल."

पण काकांचं खरं काम चालायचं शुक्रवारी दुपारी. त्यांच्या बोळातली बरीचशी पुरुषमाणसं मुसफ्फ्यातल्याच कामगारांच्या कॅम्पांतून राहत होती. कुणी वेल्डर होता, कुणी कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. सोलापुरात बोळाची सभा भरवायची म्हटलं तर बायका, म्हातारी आणि मुलंच आली असती. म्हणून ती सभा आमच्या पुढच्या खोलीत भरायची. काकांनी ट्रेसिंग पेपरवर बोळाचा नकाशा काढला होता, सगळ्यांना विचारून विचारून, आठवणीतून. तो जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले जायचे. मग भांडणं व्हायची. माणसं ज्या ज्या वर्षी निघाली, त्या त्या वर्षाचा बोळ त्यांच्या डोक्यात होता. उंच वेल्डर म्हणायचा की वळणावर कडुनिंब आहे, ड्रायव्हर म्हणायचा की तो मी निघायच्या आधीच तोडला. शेवटी काकांनी कडुनिंब ठेवला, पण पेन्सिलीने.

"गटार माझ्या दारावरून नको बे," ड्रायव्हर म्हणायचा.

"तुझं दार इथं आहे, तू तिथं आहेस. वास येणारे का तुला?" वेल्डर विचारायचा.

"मला नाही, आईला येईल की."

हे बोलून झालं की सगळे जरा वेळ नकाशाकडे बघत बसायचे. आई सांगायची की त्या सभेत सगळ्यात जास्त चहा या गप्प बसण्यावर खर्च होतो. ठराव मात्र एकमताने झाला होता: बोळ रिक्षा जाईल एवढा मोकळा ठेवायचा, नकाशा पालिकेत द्यायचा, घरं मोजून घ्यायची आणि पट्टी लावा म्हणून आपणच मागणी करायची. पट्टी मागायला निघालेली ती माझ्या माहितीतली एकमेव वस्ती.

काका मोठ्या सुट्टीवर गेले ते नकाशा प्लॅस्टिकच्या नळकांड्यात घालून. कॅम्पातल्या लोकांनी घरी द्यायला दिलेल्या साबणाच्या वड्या आणि अत्तरं त्यांनी बॅगेत कोंबली, पण नळकांडं कुणाच्या हातात दिलं नाही. महिन्याने परत आले तेव्हा त्यांनी आमच्यासाठी शेंगाचटणी आणली होती. आणि ते एकाही गटाराबद्दल बोलले नाहीत. आईने बाबांना आत बोलावून विचारलं, "बरे आहेत ना?"

शुक्रवारी सभा भरली. काकांनी नकाशा पसरलाच नाही.

"काय झालं दादा? पालिकेत गेलात?" वेल्डरने विचारलं.

"पालिका लांब राहिली. पालिकेला दाखवायला बोळ कुठं आहे?" काका म्हणाले. "तू पैसे पाठवलेस, तुझ्या वडलांनी ओट्याची खोली केली. पुढं सरकून. ड्रायव्हर, तुझ्या आईचा ओटा होता ना? तिथं आता स्वैपाकघर आहे, वर कडप्पा. समोरच्यानं जिना बाहेर काढलाय. अरे, सायकल आडवी करून न्यावी लागते."

रुंद बोळाचा ठराव ज्यांनी केला, त्यांनीच दर महिन्याला पैशांचे ड्राफ्ट पाठवून तो बोळ वीट वीट करून भरून टाकला होता. नकाशा इथे रुंद होत गेला आणि तिथे वाट अरुंद होत गेली. यात लबाडी कुणाचीच नव्हती. घरच्यांनी विचारलं असेल की खोली वाढवू का, आणि यांनी फोनवर म्हटलं असेल की वाढवा.

"मागे घ्यायला लावू," ड्रायव्हर हळूच म्हणाला. "पण आधी समोरच्यानं जिना काढावा."

"तू स्वैपाकघर काढ, मग तो काढेल."

"आणि दादा, तुमचं काय पुढं आलंय?" वेल्डरने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

काका चष्मा पुसत म्हणाले, "न्हाणीघर. पोरगी मोठी झाली. तिच्या आईनं बांधून घेतलं." मग म्हणाले, "पहिलं माझं पडेल. खलास."

फोन करायला ते बाबांबरोबर खाली वर्कशॉपच्या ऑफिसात गेले. मी बाबांना जेवायला बोलवायला गेले होते, तेव्हा रिसीव्हरमधला काकूंचा आवाज दारापर्यंत येत होता. काका पद्धत समजावून सांगत होते: न्हाणीघर पडलं की बाकीचे पाडतील, बोळ मोकळा झाला की नोंद होईल, मग पट्टी, मग रस्ता.

"आणि तोवर पोरीनं अंघोळ कुठं करायची?" काकू म्हणाल्या. "तुमच्या नकाशात?"

काका म्हणाले, "तसं नाही गं. हे झालं की मी येणारच आहे."

"तुम्ही या आधी. मग पाडू."

काकांनी रिसीव्हर खाली ठेवला. त्यांची जायची अट बोळात होती आणि बोळाची अट त्यांच्या जाण्यात. बाबांनी उगाचच टेबलावरचे नट-बोल्ट सारखे केले. पुढच्या महिन्यात काकांचा व्हिसा पुन्हा वाढला.

मी बारावीनंतर पुण्याला आले; आई-बाबा आणि काका तिथेच राहिले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे वर्गात हात वर करायची मला अजूनही भीती वाटते. गेल्या वर्षी सार्वजनिक वित्ताच्या तासाला सरांनी फळ्यावर काकांची पद्धत लिहिली. मला एकदम आमच्या जुन्या खोलीतला चहाचा वास आला. सर म्हणाले की या पद्धतीवर एक मोठा आक्षेप आहे: वस्ती सुधारली, जागेला किंमत आली, की मूळच्या माणसांनाच तिथून निघून जावं लागतं. मला विचारायचं होतं की माणसं आधीच निघून गेलेली असतील तर काय. पण प्रश्न मनात नीट जुळेपर्यंत तास संपला.

दिवाळीच्या सुट्टीत मी एका मैत्रिणीकडे सोलापूरला गेले होते, तेव्हा पत्ता विचारत काकूंकडे गेले. बोळात मला खांदा तिरका करून चालावं लागलं. काकूंनी मला चहा दिला, काकांची खुशाली विचारली आणि न्हाणीघर दाखवलं. आतून ते लखलखीत होतं, पांढऱ्या फरश्या, आरसा, मुलीची साबणदाणी. बाहेरून मात्र नुसत्या विटा. इतक्या वर्षांच्या पावसाने त्यांच्या कडा झिजल्या होत्या आणि सांध्यांत शेवाळ धरलं होतं.

"बाहेरून गिलावा नाही केला?" मी विचारलं.

"पाडायचंच आहे की, ते आले की," काकू सहज म्हणाल्या. "मोडायच्या भिंतीला गिलावा कोण करतं?"

मला बोळाच्या तोंडापर्यंत सोडायला त्या आल्या. शेजारी शेजारी चालायला जागा नव्हती, म्हणून त्या मागून बोलत होत्या. म्हणाल्या, "ह्यांचा फोन आला तर भिंत ओल धरते म्हणून सांगू नको हं. गिलावा करून घे म्हणतील."