चेनला दोन बोटं ढील

माझ्या नवऱ्याच्या आतेभावाइतका सावध माणूस अख्ख्या आखातात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतका गोंधळलेलाही नसेल. हे दोन्ही गुण एकाच माणसात कसे नांदत होते, हे एकाच इमारतीत नऊ वर्षं काढूनही मला कळलं नाही. अल ऐनमध्ये आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि भावजी पहिल्या मजल्यावर एका खोलीत. ते एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते, बायको चिपळूणजवळच्या शाळेत शिकवायची. नव्वदच्या दशकात, सगळे एसी गाडीतून फिरत असताना, भावजींनी जुनी लाल मोटरसायकल घेतली आणि दर ईदच्या सुट्टीत ते तिच्यावरून ओमानला जाऊ लागले. मस्कत, सूर, एकदा तर वाळवंट तुडवत थेट सलाला. आमचा मुलगा म्हणायचा, "अंकल, जस्ट बाय अ कार." भावजी शांतपणे विचारायचे, "गाडीला चेन कुठे असते रे?"

त्यांचा जीव त्या चेनमध्ये होता. इंजिन बिघडलं तर कोणीही दुरुस्त करेल, पण वाळवंटात चेन तुटली की खलास, असं त्यांचं म्हणणं. चेनची एकेक कडी ते रॉकेलने घासत आणि त्यासाठी आमच्या घरातले टूथब्रश सेवानिवृत्त होण्याची वाट पाहत. एकदा माझा ब्रश हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, हा अजून किती दिवस?" पुढचं आणि मागचं दातेरी चक्र, म्हणजे स्प्रॉकेट, काढून ते माझ्या ओट्यावर ठेवत आणि झिजलेले दात दाखवत. जुन्या चक्रावर नवी चेन घालणं म्हणजे कवळी लावून ऊस खाणं, हे वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. ओमानच्या सीमेवर एका अधिकाऱ्याने त्यांची पेटी उघडायला लावली. आत अकरा टूथब्रश, रॉकेलची बाटली, एक सुटी चेन, दोन चक्रं आणि एक शर्ट. तो म्हणाला, "हबीबी, यू डेंटिस्ट?" भावजींनी त्याला पाऊण तास चेन समजावून सांगितली. मग त्याने स्वतःच हात जोडून त्यांना पुढे सोडलं.

एवढं सगळं करूनही चेनला तेल घालायचं की नाही, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. सनाइयातला, म्हणजे गावाबाहेरच्या गॅरेजांच्या वस्तीतला, पठाण मेकॅनिक सांगायचा, "तेल मत डालो, रेत चिपकेगी." शेजारचा मलबारी सांगायचा, दर तीनशे किलोमीटरला तेल हवंच. गाडीबरोबर आलेलं पुस्तक जपानीत. शेवटी भावजींनी तोडगा काढला: जाताना तेल, येताना कोरडी. म्हणजे चूक झालीच तर निदान अर्धीच होईल.

चेन किती ढिली ठेवायची, हा त्याहून मोठा प्रश्न. पठाण म्हणाला, "दो उंगली." भावजी घरी आले आणि घोळात पडले. कोणाची बोटं? पठाणाचं एक बोट म्हणजे काकडी, भावजींचं म्हणजे शेवग्याची शेंग. दुसऱ्या दिवशी ऑफिसातला कागद घेऊन ते परत सनाइयात गेले, पठाणाची दोन बोटं कागदावर ठेवून भोवती रेघ मारली आणि घरी त्याचं मापांसकट ड्रॉइंग केलं. ते पुढे कायम गाडीच्या पेटीत असायचं.

अशात एका वर्षी जाऊबाईंचं पत्र आलं. दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे येते. पहिल्यांदाच येत होत्या. भावजी वर येऊन मला म्हणाले, "वहिनी, तिला गाडीवरून सलालाला नेतो. तिथे विचारतो, नोकरी सोडून इथेच राहशील का म्हणून."

"मग इथेच विचारा ना. हजार किलोमीटर जायला कशाला हवं?"

"इथे वाळू बघून नाही म्हणेल. सलालाला नारळाची झाडं आहेत."

बेत ठरला. पण मागे माणूस बसलं की गाडी दबते आणि चेन ताणते, तेव्हा मागच्या वजनाचा हिशेब आधी हवा. बायकोचं वजन किती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. फोन करून विचारलं, उत्तर आलं बावन्न. भावजींनी मागच्या सीटवर बावन्न किलो तांदूळ बांधले आणि ड्रॉइंग घेऊन खाली वाकले. तरी शंका राहिलीच. मी भाजीच्या पिशव्या घेऊन पार्किंगमधून येत होते.

"वहिनी, जरा बसता का मागे?"

बसले. इमारतीचा वॉचमन बघत उभा राहिला.

"तांदळाने बरोबर दोन बोटं येतात," भावजी खालून म्हणाले, "तुमच्याने एकच."

"आज जेवायला दुसरीकडे जा," मी म्हटलं.

जाऊबाई आल्या त्या अंगापिंडाने थेट माझ्यासारख्या. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "ताई, ह्यांनी वजन विचारलं तेव्हा मला वाटलं विमानासाठी विचारतायत. जास्त सांगितलं तर तिकीट वाढेल, म्हणून कमी सांगितलं." भावजींनी निमूटपणे चेन पुन्हा ढिली केली आणि दोघं निघाले.

आठ दिवसांनी काळीठिक्कर होऊन परत आले. भावजी चेन पुसायला खालीच थांबले. चहा पिताना मी जाऊबाईंना विचारलं, "काय झालं सलालाला?"

"नारळाची झाडं दाखवली. शहाळं पाजलं. काहीतरी विचारायचं होतं ह्यांना, दोन दिवस मला दिसत होतं. मग म्हणाले, या दमट हवेत चेन गंजेल, निघू या."

"आणि विचारलं असतं तर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "तेच तर कळत नाही, ताई. येताना सगळ्या रस्त्याभर मीही हाच विचार करत होते."

सुट्टी संपली, त्या गेल्या. पुढच्या शुक्रवारी सकाळी मी खाली उतरले तर भावजी गाडीपाशी उकिडवे बसलेले. हातात पाना, पण तो फिरत नव्हता.

"अडलंय का काही?"

"वहिनी, ही चेन आता एकट्याची लावू की दोघांची तशीच ठेवू? ती म्हणालीय, मे महिन्याच्या सुट्टीत यायचं बघू."

एकट्या माणसाने ढिली चेन चालवली की ती आपटते आणि चक्राचे दात जातात, हे ज्ञान मला त्यांनीच दिलेलं. एकट्याची लावा आणि मोकळे व्हा, असं सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते, "राहू द्या तशीच."

"मग मेपर्यंत लांब नको जायला," ते म्हणाले आणि पाना फडक्यात गुंडाळू लागले. त्या ईदला भावजी पहिल्यांदाच घरी होते. तिन्ही दिवस आमच्याकडेच जेवले आणि चेनबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.