दाराशी भांडायचं नाही

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. कुणी असलं काही सांगायला लागलं, की मी उठून कुकर लावायला जायचे. पण हे माझ्याच फ्लॅटवर घडलंय, म्हणून लिहिते.

फ्लॅट इंदिरानगरला, दुसरा मजला, लिफ्ट नाही. बाल्कनीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. आमचे हे ओझरला कारखान्यात फिटर होते, तेव्हा भाड्याने द्यायला म्हणून घेतलेला. त्यांचे नियम ठरलेले. नवा भाडेकरू यायच्या आधी आपण एक दिवस तिथे राहायचं. स्वयंपाक, आंघोळ सगळं करायचं, म्हणजे कुठला नळ गळतो, कुठला पंखा कुरकुरतो ते आपल्यालाच कळतं. (नव्या घरमालकांनो, एवढं ऐकाच.) आणि घर एकदा दिलं, की तिथे आपण पाहुणे. फोन करून जायचं, बेल वाजवायची, उगाच आत शिरायचं नाही. ही सवय इतकी, की खिशात किल्ली असून हे स्वतःच्या घराचीही बेल वाजवायचे. कणकेच्या हातांनी दार उघडताना मी कावायचे...

ते गेले, आणि त्यानंतर पहिल्यांदाच फ्लॅट रिकामा झाला. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, विकून टाक आई, जिने चढवत नाहीत तुला. मी म्हटलं, आधी एक दिवस राहून तर येते.

खरं सांगू? नळ बघायला नव्हते गेले मी. वाटलं, घरी नाही तर नाही, तिथे तरी भेटतील. पोहे केले, दोन ताटल्या काढल्या, दार सताड उघडं ठेवून संध्याकाळपर्यंत बसले. कुणी आलं नाही. त्यांची ताटली मीच संपवली.

मग सुरेखा राहायला आली. वणीकडची, इथे एका दवाखान्यात नर्स. किल्ली देऊन घरी आले आणि त्याच रात्री आठवलं — पावसात ते दार फुगतं, अडकतं. मी दिवसभर उघडंच ठेवलेलं, मला कळणार कसं? सकाळी तिला फोन केला.

"झालं की काकू ते," सुरेखा म्हणाली. "काका सांगून गेले काल."

"कोण काका?"

"घरमालक काका! मी लय ओढत होते दार आतून. तेवढ्यात बेल वाजली. बाहेरून म्हणाले, बाळ, दाराशी भांडायचं नाही, त्याला जरा उचलून घ्यायचं. उचललं, तर लगेच उघडलं."

लग्न होऊन आले तेव्हा मी न्हाणीघराच्या दाराशी झटायचे, तेव्हा यांनी मला अगदी असंच सांगितलं होतं...

दिसायला कसे होते, विचारलं. पांढरा शर्ट, खिशाला टेस्टर. ती आत या म्हणाली, चहा ठेवते म्हणाली. तर म्हणाले, "नको, आता घर तुझं."

यांच्याबद्दल मी तिला अवाक्षर बोलले नव्हते. अजूनही सांगितलेलं नाही, एकटी राहते पोर. वॉचमनला फोन करून विचारलं, कुणी वर गेलं नाही म्हणाला. बिल्डिंगमध्ये तसं कुणी नाही. तेव्हाच धावत जावंसं वाटलं होतं, तिथल्या जिन्यात बसून राहावंसं वाटलं होतं. पण नियम त्यांचाच — मी मोडू कसा?

आता सुरेखाचं लग्न ठरलंय, ती फ्लॅट सोडतेय. मुलाने गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. मी त्याला म्हटलं, विक बाबा, पण आधी मला एक दिवस तिथे राहू दे. तो हसला. "विकायच्या घराचे नळ कशाला तपासतेस, आई?"

काय झालं होतं, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला कळलं तर जरूर लिहा. मी आपली पोहे करणार आहे, आणि या वेळी दार घट्ट लावून बसणार आहे. उघड्या दारात ते बेल वाजवणार तरी कशी...