दोन सारखे गुण आणि एक कबुली

ती घटना आजही आठवते. नव्वदीच्या अखेरीस मी नाशिकमध्ये पोलीस निरीक्षक होतो. घोटीचे एक गृहस्थ नर्सिंगच्या एका खासगी संस्थेची गुणवत्ता यादी घेऊन ठाण्यात आले.

"साहेब, शेवटच्या जागेला दोघींचे मार्क सारखेच हायेत. सारखे असले तर वयानं मोठी ती वर, असा नियम हाय. माझी पोरगी मोठी, तरी तिचंच नाव खाली! कुणीतरी पैसं चारलंय. उद्या दुपारी प्रवेश बंद व्हणार."

दोन्ही नावांपुढे ८१.३३ होते. स्टेशन डायरीला नोंद केली आणि यादीचा प्रोग्राम लिहिणाऱ्या ऑपरेटरला उचलून आणलं. माझा आवाज तेव्हा भिंती हलवायचा. तासाभरात तो म्हणाला, "हो साहेब, मीच केलं."

मी खूश. जबाब लिहायला बसलो.

"पैसे त्या दुसऱ्या मुलीच्या बापाने दिले?"

"हो साहेब."

"की मामाने?"

"हो साहेब."

पेन थांबलं. "तू घोटीचाच ना?"

"हो साहेब."

तो सटाण्याचा होता. पत्ता मीच वर लिहिला होता. अरे देवा, हा तर मी म्हणेन ते कबूल करत होता!

सकाळी ऑपरेटरला आणि कॉलेजातल्या गणिताच्या बाईंना संस्थेत नेलं. सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे. बाईंनी पडद्यावर दशांशाचे सगळे आकडे काढले. दोघींचा शेवटचा आकडा वेगळा निघाला.

"साहेब, दोघींची बोर्डं वेगळी. टक्के काढताना एकीच्या बोर्डासाठी आधी भागाकार केलाय, दुसरीच्या बोर्डासाठी आधी गुणाकार. तीनने पूर्ण भाग जात नाही, कॉम्प्युटर कुठेतरी आकडे तोडतोच. मग त्याला दोघी सारख्या वाटल्याच नाहीत. वयाचा नियम लागणार कसा? इतका बारीक फरक असला तर गुण सारखेच धरायचे, ही एक ओळ याने लिहिली नाही."

चूक होती, गुन्हा नव्हता. ऑपरेटरला सोडून दिलं. प्रवेश बंद व्हायला अर्धा तास असताना मुलीचं नाव वर गेलं. बाप ढसाढसा रडला.

कॉम्प्युटरने आकडे तोडले, पण मी तर माणूसच तोडला होता. त्यानंतर कबुली मिळाली की मी आधी एक खोटा प्रश्न विचारून बघायचो.

काही वर्षांनी गंगापूर रोडवर तोच ऑपरेटर दिसला. मला पाहताच स्कूटरवरून उतरून उभा राहिला.

"माफ केलंत ना मला?" मी विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "हो साहेब."