एका शब्दाचा वायरमन

तोताराम आबांनी दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत एकतीस वर्षं वायरमनची नोकरी केली. निवृत्त होऊन भडगावला आले आणि दोन वर्षांतच लकव्यानं उजवं अंग गेलं. वाचाही गेली. उरला एकच शब्द, "नही." भूक लागली तरी "नही", पोट भरलं तरी "नही". समजत सगळं होतं, तोंडातून दुसरं काही निघत नव्हतं.

बायको आधीच वारली होती. मुलगा रोहिदास रोज सकाळी चाळीसगावला दुकानात कामाला जाई. घरात सून ज्योती. तिचे हात कामात असले की आबांना समोरच्या टीव्हीचाच आधार. त्या उन्हाळ्यात तोही बिघडला. चित्र मध्येच थिजायचं, माणसांच्या चेहऱ्यांचे चौकोन व्हायचे, बातमी अर्ध्यावर तुटायची. आबांना कूस बदलता येत नव्हती, म्हणून ते डोळे मिटून घेत.

केबलवाला वना आला. त्यानं सेट-टॉप बॉक्स बंद-चालू केला, टीव्हीच्या पाठीवर थाप मारली. "टीव्ही म्हातारा झाला, अक्का. नवा घ्या."

"नही! नही!" आबा ओरडले.

"आबा खर्चाला घाबरले वाटतं," वना हसत म्हणाला आणि गेला.

आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. टीव्ही बिघडला असता तर सगळेच चॅनेल फुटले असते. इथे काही स्वच्छ दिसत होते, आणि वारा सुटला की बाकीचे जास्तच तुटत होते. दोष वायरीत होता. त्यांना तो खाटेवरून कळला होता, आणि सांगता येत नव्हता.

ज्योतीनं ते पाणी पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आटोपून ती खाटेजवळ आली.

"आबा, तुम्हाले काही सांगनं शे ना?"

डावा हात उचलला गेला, खिडकीकडे वळला. ज्योतीनं बॉक्सला हात लावला. "हाई?"

"नही!" तुटक, मोठ्यानं.

तिनं भिंतीवरची वायर धरली. "मंग हाई?"

"नहीऽ..." लांब, मऊ. ज्योती थबकली. आठ महिने ती एकच शब्द ऐकत होती. त्यात हो आणि नाही दोन्ही होतं, हे तिला त्या दुपारी कळलं.

वायरीचा माग धरत ती बाहेर गेली. पत्र्याखाली एका वायरीच्या दोन करणारा डबीएवढा फाटा होता. एक वायर खाली यायची, दुसरी माडीवरच्या रिकाम्या खोलीत. फाटा गंजून हिरवा पडला होता. तो सोडवून तिनं आबांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि खाली टाकला. नको म्हणजे नकोच. एकेक विचारत ज्योतीनं अर्थ लावला: माडीची वायर तशीच सोडून सरळ एकच लाइन आत घ्यायची होती.

त्यासाठी वायरीला नवी पिन बसवणं भाग होतं. आबांच्या जुन्या पिशवीत पिना होत्या, कटर होता. आबांनी डाव्या हातानं कटर घेतला. वायर दातांत धरली, पण ती निसटली. पुन्हा धरली. कटर चादरीवर पडला. त्यांनी डावी मूठ खाटेच्या लोखंडावर आपटली, एकदा, दोनदा. ज्योतीनं ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली.

"मी करस. तुम्ही फक्त देखा."

पहिल्यांदा आतली तांब्याची तारच कापली गेली. दुसऱ्यांदा बाहेरच्या बारीक तारांच्या जाळीचा एक केस तांब्याला चिकटून राहिला, तो आबांनी नखानं दाखवला. तिसऱ्यांदा तिनं जाळी नीट मागे दुमडली आणि पिन घट्ट फिरवली. बॉक्सच्या मेनूत सिग्नलचा आकडा चाळिसावरून पंच्याऐंशीवर गेला. चित्र स्थिर उभं राहिलं.

रोहिदासनं संध्याकाळी विचारलं, "वना आला होता का?" ज्योतीनं नकारार्थी मान हलवली आणि आबांकडे पाहिलं. आबांनी पडल्या पडल्या तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. स्वच्छ चित्रातही जग पडद्यापुरतंच होतं, आणि खाट तीच.

पुढे शेजारच्या सुनंदाबाईंच्या टीव्हीवरचं चित्र फुटू लागलं, त्यांनी ज्योतीला बोलावलं. मग त्यांच्या नणंदेनं, मग समोरच्या गल्लीनं. पिशवी काखेत मारून ती अर्ध्या तासासाठी जाते. तेवढा वेळ आबा टीव्ही लावू देत नाहीत. त्यांचे कान फाटकाच्या कडीकडे लागलेले असतात. ती आल्यावर तिथला फाटा कुठे होता, वायर किती जुनी होती, पिन कशी बसली, सगळं तिला सुरुवातीपासून सांगावं लागतं. आबा ऐकतात, आणि चादरीवर डाव्या हाताची बोटं पिन फिरवल्यासारखी हलत राहतात.