मागच्या सीटवरचे मामा

नवी गाडी बघायला शोरूममध्ये शिरलं की मामा लंगडायला लागायचे. नायगावहून चांगले ताठ चालत आलेले असायचे. पण काचेचं दार उघडून आतली थंड हवा अंगावर आली की यांचा उजवा पाय लाकडासारखा कडक. तसेच पाय ओढत गाडीपाशी जायचे, मागचं दार उघडायचे आणि गुडघा न वाकवता आत बसता येतं का बघायचे. सेल्समन धावत यायचा. "अंकल, हेल्प करू?" "थांब जरा," मामा म्हणायचे, "आत्ता माझा खुबा मोडलाय. एकट्यानं जमतं का बघू दे."

नंतर उतरायचे आणि त्याच गाडीत पुन्हा बसायचे. या वेळी पोटाशी हात धरून, म्हणजे आठव्या महिन्याची बाई. मग दोन्ही हात छातीवर घट्ट, म्हणजे बायपास झालेला. तो हातानं काही धरून स्वतःला ओढू शकत नाही. एका गाडीत मामा चार-पाच पेशंट होऊन जायचे. सेल्समन पोरं आधी हसायची, मग उभी राहून बघायची. शेवटी मामा दोनच शब्दांत निकाल द्यायचे. "बसेल," किंवा "नाही बसायचा."

ते खरे कोणाचेच मामा नव्हते. परळच्या हॉस्पिटलांत वॉर्डबॉयला मामा म्हणतात, आयाबाईला मावशी. तीस-पस्तीस वर्षं ते एका मोठ्या हॉस्पिटलात स्ट्रेचर ओढत होते आणि त्यातलं अर्धं आयुष्य त्यांनी गेटवर काढलं. घरी निघालेल्या पेशंटला व्हीलचेअरवरून उचलून गाडीत बसवायचं आणि आलेल्याला गाडीतून काढायचं, हे त्यांचं काम. समोरच्या स्टँडवर माझी टॅक्सी असायची. मी लालबागचा. शाळा चौथीपर्यंत, पण गाडी अशी चालवायचो की पेट्रोलपंपावरची माणसं सलाम करायची. हे मी फुशारकीनं सांगत नाही, होतं ते सांगतो.

आमची ओळख भांडणातून झाली. एका म्हातारीला घेऊन मामा आले आणि तिची व्हीलचेअर ठेवायला त्यांनी माझी डिकी उघडली. आत टॅक्सीच्या गॅसचा सिलेंडर. "ही कुठं ठेवू?" मामा म्हणाले, "तुझ्या डोक्यावर?" मी म्हटलं, "वर कॅरियर आहे, दिसत नाही का?" ते म्हणाले, "कॅरियर दिसतोय. तुला म्हातारी दिसते का? ती उभी राहणार कशाला धरून, तू वर दोरी बांधेपर्यंत?" मी म्हातारीला धरून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांनीच चहा पाजला आणि तिथून पुढं मी त्यांच्यासाठी "ड्रायव्हर" झालो. नाव त्यांना ठाऊक होतं, कधी घेतलं नाही.

पेशंटला बसवताना मामांचा एक हात नेहमी दाराच्या वरच्या चौकटीला असायचा, तळवा खाली करून. पेशंटचं डोकं आपटलं तर पत्र्यावर नको, आपल्या हातावर आपटावं म्हणून. त्या हाताच्या बोटांची मागची बाजू कायम सोललेली. रिटायर झाल्यावरही सवय गेली नाही. चाळीतलं कुणी लग्नाला निघालं, चांगली धडधाकट माणसं, तरी हे धावत जाऊन चौकटीला हात लावणार.

रिटायर झाल्यावर लोक त्यांना गाडी निवडायला न्यायला लागले. नायगावात, परळात, लालबागेत ज्याचा पोरगा नोकरीला लागून पहिली गाडी घेणार, तो आधी मामांकडे. मामांना गाडी चालवता येत नव्हती. लायसन्स नाही, स्टिअरिंगला कधी हात लावलेला नाही. पण त्यांचं म्हणणं असं, "चालवणारा एक असतो आणि बसणारे चार. तुम्ही त्या एकाला विचारून गाडी घेता." सेल्समननं सनरूफ उघडून दाखवलं तर म्हणायचे, "छान आहे. पेशंटला वरून टाकायचं का?" सीट ते आपल्या गुडघ्यानं मोजायचे. "गुडघ्याच्या वर गेली की म्हातारा चढत नाही, खाली गेली की उठत नाही. मधली दाखव."

इलेक्ट्रिक गाड्या आल्या तेव्हा मला वाटलं, म्हातारा नाक मुरडणार. उलट झालं. पहिल्यांदा बसवून परळ ते दादर फिरवून आणलं तेव्हा उतरून म्हणाले, "ड्रायव्हर, टाक्यांना धक्का बसत नाही. गिअरचा हिसकाच नाही. ही गाडी डॉक्टरानं काढलेली दिसते." मग लगेच वाकून आतली जमीन चाचपली. बॅटरी खाली घातल्यामुळं काही गाड्यांत पायाखालचा तळ वर आलेला असतो, सीट मात्र तिथंच. बसलं की गुडघे छातीशी येतात. "याच्यात पोट शिवलेला माणूस वडाळ्यापर्यंतसुद्धा जाणार नाही," ते म्हणाले. चाळीतल्या एकानं भाजीसाठी इलेक्ट्रिक टेम्पो बघितला, तर मामा चार्जिंगचं ऐकायलाच तयार नव्हते. दोन वेगवेगळ्या टेम्पोंचे मागचे फाळके पाडून त्यांच्यासमोर उभे राहिले आणि कुठला आपल्या कमरेला लागतो ते बघितलं. "पोती उचलणाऱ्याची कंबर कंपनीनं मोजलीय का, एवढंच बघायचं." तो टेम्पो अजून धावतोय, आणि भाजीवाल्याची कंबरही.

मग माझी पाळी आली. टॅक्सीची मुदत संपली, ती मोडीत गेली. मुलगा म्हणाला, बाबा, आता हिरव्या नंबरप्लेटची इलेक्ट्रिक घेऊ, तुम्ही दिवसा चालवा, मी संध्याकाळी. आम्ही तिघं शोरूमला गेलो, मी, मुलगा आणि मामा. तिथं दोन इलेक्ट्रिक गाड्या शेजारी उभ्या होत्या. एक निळी, उंच, छाती काढून उभी असल्यासारखी. दुसरी बुटकी, रुंद, बेडकासारख्या तोंडाची. मला निळी बघताक्षणी आवडली. आयुष्यभर खाली बसून चालवली, बसवाले आणि ट्रकवाले वरून शिव्या घालायचे. आता मी वर बसणार होतो. टेस्ट ड्राइव्हला पाय नुसता ठेवला तर गाडी अशी सुटली की मुलगा मागं आदळला.

मामांनी निळीत तीन पेशंट करून बघितले. तिसऱ्यात, बायपासवाल्यात, ते अर्धे आत, अर्धे बाहेर अडकले. मग बेडकाच्या तोंडाच्या गाडीत बसले. दार पार काटकोनात उघडलं, ते सरळ मागं टेकले आणि पाय आत घेतले. डिकी उघडून बघितली, सपाट. बाहेर येऊन म्हणाले, "ही घे. निळीत तुझं गिऱ्हाईक नाही बसायचं."

"माझं गिऱ्हाईक काय सगळं हॉस्पिटलचंच आहे का?" मी म्हटलं.

"तू चाळीस वर्षं उभा कुठं होतास? विमानतळावर?"

सेल्समन हसला. माझा मुलगाही हसला. तेवढ्यावरून माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही जन्मभर स्ट्रेचर ढकललंत. स्टिअरिंग धरलंय कधी? गाडीतलं तुम्हाला काय कळतं?"

मामा म्हणाले, "बरोबर आहे. गाडीतलं मला नाही कळत." चप्पल सरळ केली आणि काचेचं दार ढकलून बाहेर गेले. त्या दिवशी जाताना ते लंगडत नव्हते. समोरच्या स्टॉपवर बसची वाट बघत उभे राहिले. मुलगा म्हणाला, "बाबा, बोलवा ना त्यांना." मी निळ्या गाडीचे कागद मागितले.

आठ महिने आम्ही बोललो नाही. मामा दिसले की मी रस्ता बदलायचो आणि मनात म्हणायचो, त्यांनी बोलावं आधी. का बोलावं, ते मला सांगता आलं नसतं.

गाडी चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण हॉस्पिटलच्या गेटवर ती उभी केली की म्हातारी माणसं दारापाशी येऊन वर बघायची, जसं काही माळ्यावर चढायचंय. एकदा एका बाईला तिच्या दोन्ही मुलांनी मिळून आत ढकललं आणि ती पूर्ण रस्ता रडत होती. माझ्या घरातल्या माणसानं, म्हणजे बायकोनं, तर तिच्या मालवणीत तोंडावरच सांगितलं. "ह्या गाडीत चढूचा म्हणजे घोड्यार चढूचा. माका नाय जमाचा, तुमी जावा, मी बसनं येतंय." चूक कळली म्हणून मी कबूल केली असती तर मी मी नसतो. लालबागेतल्या सुताराकडं गेलो आणि सागाचा एक पाट करून घेतला, चार पायांचा. तो डिकीत ठेवायचा, गिऱ्हाईक आलं की उतरून दाराखाली मांडायचा. स्टँडवरचे हसायचे. "काय रे, हळदीला बसवतोस काय गिऱ्हाइकाला?"

मामांची मुलगी दादरला बँकेत आहे. एक दिवस तिचा फोन आला. "काका, बाबांच्या किडन्या गेल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मोबाइलवरून गाड्या बोलावते, पण ड्रायव्हर थांबत नाहीत. त्यांना बसायला वेळ लागतो ना. तुम्हाला सांगू नको म्हणालेत. पण मी सांगतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या चाळीखाली निळी गाडी उभी केली, पाट मांडला आणि दार उघडून उभा राहिलो. मामा मुलीच्या खांद्याला धरून खाली आले. अंगातलं सगळं उतरलेलं, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा. डाव्या हाताची शीर डायलिसिससाठी जोडून घेतलेली, त्या हातावर भार टाकायचा नाही. मी म्हटलं, "जयभीम, मामा." ते म्हणाले, "जयभीम." मामांनी गाडीकडं बघितलं नाही. पाटाकडं बघितलं. मुलीला थांबवून हळूहळू वाकले, उजव्या हाताची वीत पाटाला लावली.

"दोन बोटं जास्त झालाय," ते म्हणाले. "आणि खाली रबर ठोक. ओल्यात सरकला तर किडनीचा पेशंट थेट हाडांच्या वॉर्डात."

"आजच ठोकतो."

"सुतार कुठला?"

"आमचाच. लालबागचा."

"काम चांगलंय," मामा म्हणाले आणि पाटावर पाय ठेवला. माझा हात चौकटीला होता. तो तिथं कधी गेला मला कळलं नाही. मामांचं डोकं त्याला जरा घासलं.

त्यानंतर तीन-चार महिने मंगळवार, गुरुवार, शनिवार ती फेरी माझी. पैशांचा विषय मुलीनं एकदा काढला, मी ओरडलो, परत काढला नाही. मागून मामांचं परीक्षण चालू असायचं. एसीचा झोत सरळ छातीवर येतो. खिडकीची काच पूर्ण खाली जात नाही, उलटी आली तर काय करायचं? परळच्या पुलाचा उतार मात्र मक्खन. "इतकी वर्षं नाटक करत होतो रे," एकदा म्हणाले, "खऱ्यात बसल्यावर कळतं, आपण किती कमी लंगडलो."

ते आठ महिने, ते शोरूममधलं बोलणं, दोघांनीही काढलं नाही. मला माहीत होतं की ते माझंच काम आहे. पण मामांच्या घरी किंवा गाडीत ते बोलून भागणार नव्हतं. जे चार माणसांत बोललो ते चार माणसांतच फिरवायला हवं होतं. मामा आता व्हीलचेअरवर असायचे, पण एका गुरुवारी डायलिसिस झाल्यावर त्यांना जरा बरं वाटत होतं. मी मुलाला बोलावून घेतलं आणि गाडी शोरूमकडं वळवली. निळी देऊन बेडकाच्या तोंडाची घ्यायची, एवढंच घरात सांगितलं होतं.

सेल्समन तोच होता. त्यानं ओळखलं. "या सर, ड्रायव्हर सीटवर बसून बघा, आता सॉफ्टवेअर नवीन आलंय."

मी म्हटलं, "आधी यांना बसू दे. गाडीतलं यांना कळतं. मला फक्त चालवता येते."

मुलानं माझ्याकडं बघितलं आणि पटकन मान दुसरीकडं वळवली. मामांनी व्हीलचेअरचा ब्रेक स्वतः ओढला, मागच्या सीटवर टेकले, उजव्या हातानं पुढच्या सीटची पाठ धरली आणि एकएक पाय आत घेतला. कुणाचाही हात लागला नाही. बराच वेळ डोळे मिटून बसले. मला वाटलं, थकले. तेवढ्यात म्हणाले, "ड्रायव्हर, ये. त्या बाजूनं ये आत."

मी दुसऱ्या दारानं जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. चाळीस वर्षांत मी मागच्या सीटवर झोपलो असेन, जेवलो असेन. बसलो कधी नव्हतो.

"काय दिसतं इथून?" मामांनी विचारलं.

"पुढच्या सीटची पाठ."

"आणि?"

"बाहेरचं थोडंसं. अर्धी खिडकी."

"दुखणारा माणूस एवढंच बघत घरी जातो," मामा म्हणाले. मग माझ्या मांडीवर हात ठेवला. सुया टोचून टोचून त्या हाताची शीर दोरीसारखी वर आली होती. "घे. बसेल."

गाडीला तीन आठवड्यांचं वेटिंग होतं. मामा दोन आठवड्यांनी गेले, हॉस्पिटलमध्येच. जिथं त्यांनी जन्म घालवला, तिथल्याच नव्या पोरांनी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. त्यातल्या एकानं त्यांच्या मुलीला विचारलं, "मामांना कुठं न्यायचं?" ती रडता रडता म्हणाली, "घरी."

गाडी आली त्या दिवशी मुलानं चावी माझ्यापुढं धरली. मी ती त्याच्याच मुठीत दिली, मागचं दार उघडलं आणि बसलो.

"बाबा, पुढं या ना," तो म्हणाला.

"तू चालव," मी म्हटलं. "जरा हळू घे."