हिंदीत रडलेली काकू

मास कम्युनिकेशनची डिग्री घेऊन मी मध्यप्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्याले परत आलो तेव्हा घरीदारी सगळ्यायनं एकच विचारलं, "हे शिकून होते काय?" बाबाले वाटे पोरगा टीव्हीवर बातम्या सांगीन. शेजारच्या काकाले वेगळंच वाटलं. "मंग तुमाले मोबाईलच्या टॉवरवर चढाचं शिकवते का?" म्या म्हणलं, "हाव काका, फायनल इयरले." दोन दिवस ते माह्याशी लय मान देऊन बोलले.

खरं म्हणजे काय होते ते मलेही माहीत नोतं. कॉलेजात सांगतलं होतं का रस्ते लय आहेत. पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क, रेडिओ. पांढुर्ण्यात उभा राहून पाह्यलं त मले एकच रस्ता दिसला, सौंसरले जाणारा.

तिथं मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर एक न्यूज चॅनल होतं. चॅनल म्हणजे एक खोली, एक हिरवा पडदा, बिघडलेल्या चार्जरचं एक पोतं आणि मालक. मालक चहाही ब्रेकिंग न्यूजसारखा मांगे. पहिल्याच दिवशी म्या त्याच्यासमोर त्याचीच नक्कल केली. "इस वक्त की सबसे बड़ी खबर, चहा अजून आला नाही!" तो हसून हसून खुर्चीतून घसरला. मले नोकरी लागली. डिग्री प्लास्टिकच्या कव्हरातच राहिली, त्यानं मांगतलीही नाही.

काम असं का, आमच्याकडले लोक बोलते मराठी, न चॅनल पाहणारे छिंदवाड्याकडचे हिंदीवाले. म्हणून जो माणूस मराठीत जे बोलला, ते मी त्याच्याच आवाजात हिंदीत बोलाचं. त्याचा आवाज पुसाचा, माहा चिकटवाचा. संध्याकाळी मूळ क्लिप उडवाची, कारण मेमरी भरे. सरपंच, मास्तर, जामसांवलीच्या मंदिराच्या रस्त्यावरचा नारळवाला, सगळ्यायच्या नरड्यात मीच बसलो होतो. एक सरपंच त फोन करून म्हणे, "भाऊ, माही हिंदी एवढी फर्स्टक्लास आहे, मले माहीतच नोतं!" मलेही लय मजा येऊन राह्यली होती.

मंग मोहगावकडल्या एका बगीच्यात संत्रा तोडताना एक माणूस विजेच्या तारेनं गेला. तार खाली लोंबून राह्यली होती, न त्याच्या हातात लोखंडी शिडी. मी माईक घेऊन पोचलो. मालकाचा फोन आला, "रोती हुई औरत का क्लोज लेना." म्या घेतला. मयत अंगणात होतं, न मी उजेड कोणत्या बाजूनं चांगला येते ते पाहून राह्यलो होतो. 

त्याची बायको पदर तोंडात धरून बोलली, "तीन डाव अर्ज देल्ला बाबू. तार वर करा म्हणलं. ठेकेदाराचा माणूस म्हणे, पाहतो. आता ये म्हणा न पाह्य म्हणा."

त्याच तारेच्या ठेकेदाराच्या दिवाळीच्या शुभेच्छा पैसे घेऊन आमच्याच चॅनलवर चालत. मालकानं क्लिप ऐकली न दात कोरत म्हणला, "इसको थोड़ा ठीक कर दे."

"ठीक म्हणजे?"

"भगवान की मर्जी थी, हमें किसी से शिकायत नहीं. रोते रोते बोल. तू तो कलाकार है बे!"

पदर तोंडावर होता, ओठ दिसत नोते. म्या नाक दाबलं, गळा घोगरा केला, बरोबर जागेवर हुंदका घेतला. एका टेकमध्ये ओके. मालकानं पाठीवर थाप मारली, "औरत से अच्छा रोया!" न मी हसलो. मालकाची घाण नंतर सांगीन, माही घाण आधी सांगून टाकतो. मले बरं वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी तीच काकू, मेलेल्याची बायको, जिना चढून वर आली. म्हणे, "बाबू, मले हिंदी येत नाही. मी हिंदीत रडली कशी?"

वीज ऑफिसच्या सायबानं तिले आमचाच व्हिडिओ दाखवला होता. म्हणे, तुम्हीच म्हणता शिकायत नाही, मंग आता तारेचं काऊन सांगून राह्यल्या? तिची भरपाईची केस बंद होणार होती.

मालक म्हणे, "चॅनल का इससे कोई लेना-देना नहीं. जा बाई." न समोस्याच्या कागदाले बोटं पुसली. मूळ क्लिप म्या सगळीकडं शोधली. माह्याच बोटानं उडवली होती. म्या माईक टेबलावर ठेवला न काकूसंगं ऑफिसात गेलो.

व्हिडिओतला आवाज माहा आहे म्हणलं, त साहेब मानेच ना. "आवाज तो इसी का है. तू मर्द, ये औरत. बेवकूफ समझा है क्या?"

म्हणजे आता करूनच दाखवा लागत होतं. म्या काकूले म्हणलं, "तुम्ही जरा बाहेर बसता का?"

"काऊन? माहंच रडणं होय न? आयकते न."

ती बाकावर बसून राहिली. मी भिंतीकडं तोंड केलं, नाक दाबलं न तिच्या आवाजात तिच्याच नवऱ्यासाठी रडलो. हुंदक्यासकट.  मंग तिथल्या दोन कारकुनायनं टाळ्या वाजवल्या. एक म्हणे, "वा रे! अब साहब की आवाज निकाल!" एकानं त मोबाईल काढून पूर्ण रेकॉर्ड केलं होतं. साहेब फायलीमागं तोंड लपवून हसून राह्यला होता.  वळून पाह्याची हिंमत झाली नाही.

शेवटी सायबानं कोरा कागद पुढं सरकवला. "ठीक है. नया बयान लिखो."

काकू सांगत गेली, मी लिहीत गेलो. मराठीत. साहेब म्हणे, हिंदी में चाहिए. काकू म्हणे, "नाही. मी बोलली तसंच ल्या." पहिल्यांदा तिचा आवाज चढला, न सायबानं 'लिहा' म्हणून हात हलवला.

कागद भरला. मी पेन तिच्याकडं केला.

"आधी वाचून दाखव," ती म्हणली. "न तुह्या आवाजात वाच. माह्या आवाजात नको."

म्या वाचलं. तीन डाव अर्ज देल्ला, तार वर करा म्हणलं. माहा गळा दोनदा आपोआप घोगऱ्याकडं गेला, दोन्ही डाव तिनं थांबवलं, न दोन्ही डाव पहिल्या ओळीपासून वाचाले लावलं. तिसऱ्यांदा पूर्ण झालं, तेव्हा तिनं सही केली.