कीड लागलेला दिवाण

आई गेल्यावर आठवडाभरातच मी कामावर रुजू झाले. घरी बसून करणार काय? परदेशातून मालाबरोबर येणाऱ्या लाकडी खोक्यांत कीड नाही ना, हे तपासायची माझी सरकारी नोकरी. बदलापूरहून निघायचं, बोलावलं तिथे जायचं. माणसं बोलत, मला ती लांबून ऐकू येत.

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने बोलावलं होतं. बाहेरून आलेल्या मशीनच्या खोक्यातून पिवळसर भुसा गळत होता. लाकूड तापवून कीड मारली, असा शिक्का त्यावर दोन्ही बाजूंना लागतो. इथे तो एकाच बाजूला होता. दुसऱ्या बाजूची फळी पटाशीने चिरली, तर आत पांढरी, जाड अळी वळवळली. ती बाटलीत घातली आणि सगळं लाकूड जाळा म्हणून सांगितलं.

"सगळं इथे नाहीये, मॅडम," सुपरवायझर चाचरला. "थोड्या फळ्या आमच्या हेल्परने घरी नेल्या. आम्हीच ने म्हटलेलं."

हेल्परला घेऊन कंपनीच्या टेम्पोतून चिखलोलीला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं. आत त्याच फळ्यांच्या नव्या दिवाणावर त्याची आई पडून होती, अर्धं अंग लुळं. दिवाणाखाली भुशाची बारीक रांगोळी.

"रोज झाडते, तरी रोज पडतं," बायको म्हणाली. "ताई, हे किडे माणसाला चावतात का?"

"नाही. झाडं पोखरतात."

"मग आमच्यावर कशाला?" तिने खिडकीबाहेर हात केला. समोर बिल्डिंगचा पाया खणलेला होता, कडेला एक आंबा तेवढा उरला होता. "इथे झाडं राहिलीयत कुठं?"

"आहे तो आंबा तरी राहू दे," मी म्हणाले. आवाज माझाच होता, पण कोरडा.

दिवाण न्यावा लागेल म्हटलं, तरी म्हातारीला उचलायला कोणी पुढे होईना. शेवटी मीच म्हातारीच्या काखेत हात घातले. ते मला सवयीचं होतं, वर्षभर आईला तसंच उचललं होतं. म्हातारीने मान माझ्या खांद्यावर टाकली.

"सावकाश गं, बाय."

तिला खालच्या गोधडीवर निजवलं. आता काहीतरी वाटेल म्हणून मी थांबले. खांदा दुखला, एवढंच.

फळ्या कंपनीच्या बॉयलरमध्ये गेल्या. हेल्पर माझ्या शेजारी उभा होता.

"पॉलिश पेपरने घासल्या होत्या मॅडम. आईला टोचू नये म्हणून."

"हो," मी म्हणाले. शेवटची फळी पेटेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

मी मागे लागले म्हणून कंपनीने त्याला लोखंडी कॉट दिली. ती पोचली का, हे विचारायला त्याला फोन केला.

"पोचली, मॅडम. पण आई खालीच झोपते. लोखंड गार लागतं म्हणते."

जाड गादी टाकून बघा, असं सांगितलं. बघतो म्हणाला.